चुका करण्यासाठी राखून ठेवलेला मेंदू

1. कोकीळ ‘काव काव’ का करत नाही?

पक्ष्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या घरट्यात. उबवणार कावळी, भरवणार कावळा-कावळी, दिवसभर कानावर पडणार ती काव काव. मग हे पिल्लू मोठं झाल्यावर ‘कुहू’ कसं करतं? त्याला शिकवलं कुणी?

कुणीच नाही. कोकिळाचा ‘कुहू’ त्याच्याबरोबर जन्मालाच येतो. कोंबड्याचंही तेच. बहिरं असलेलं कोंबडीचं पिल्लूही मोठं होऊन रीतसर आरवतं, हे 1960च्या दशकात तपासून झालेलं आहे. या पक्ष्यांना आपली हाक शिकावी लागत नाही. चोच किंवा पिसं यायला शिकवणी लागत नाही, तितकंच ते सरळ आहे.

उलटा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ज्यांना कुणी ऐकवलंच नाही तर धड गाता येत नाही, असे पक्षी आहेत का? आहेत, आणि ते थोडेथोडके नाहीत. पक्ष्यांच्या जगभरातल्या जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती ‘गाणारे पक्षी’ या गटात मोडतात. आपल्याकडचा दयाळ, बुलबुल, शिंजीर, चिमणी हे सगळे त्यातलेच. एवढंच काय, शास्त्रीय वर्गीकरणात कोकीळ या गटात नाही आणि कावळा आहे! कवींना हे पचणार नाही, पण वर्गीकरण करणारे पक्ष्याच्या कंठाची रचना आणि वंशावळ पाहतात, आवाजाचा गोडवा पाहत नाहीत.

आवाज ऐकून तो शिकण्याची ही विद्या प्राणिसृष्टीत दुर्मीळ आहे. गाणारे पक्षी, पोपट आणि गुंजनपक्षी हे तीन पक्षिगट, देवमासे, वटवाघळं, सील, हत्ती यांच्यासारखे काही सस्तन प्राणी आणि आपण माणसं, एवढ्यांनाच ती साधल्याचं आजवर दिसलं आहे. आपल्या जवळच्या नात्यातली माकडं या बाबतीत फार मागे आहेत. म्हणून मूल बोलायला कसं शिकतं, हे मेंदूच्या पातळीवर समजून घ्यायचं, तर शास्त्रज्ञ जेमतेम 12 ते 15 ग्रॅम वजनाच्या एका पक्ष्याकडे वळतात.

तो पक्षी म्हणजे झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या मुनियांचा नातेवाईक. पुण्या-मुंबईत कुणाकुणाच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात तो दिसतो: लाल चोच, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्याखाली बारीक काळे पट्टे. आवाज म्हणाल तर लहान मुलाच्या पिपाणीसारखा, मैफिलीत बसवावा असा मुळीच नाही. पण प्रयोगशाळेला तो सोयीचा आहे. पिंजऱ्यात वर्षभर वीण होते, पिल्लू तीन महिन्यांत मोठं होतं आणि नर जन्मभर एकच गाणं गातो. तेही जेमतेम अर्ध्या ते एका सेकंदाचं, चार-सहा स्वरखंडांचं. बापाचं गाणं आणि मुलाचं गाणं शेजारी ठेवलं की पोरगा किती शिकला ते लगेच कळतं. झेब्रा फिंचची मादी गात नाही, पण तिला गाण्याची पारख असते. तिची भूमिका पुढे येईल.

2. ऐकण्याचे दिवस

पिल्लं गाणं शिकतात, अशी शंका माणसाला फार पूर्वीपासून होती. घरट्यातून लवकर काढलेली पिल्लं आईबापांपेक्षा वेगळं गातात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. 1773मध्ये डेन्स बॅरिंग्टन या इंग्रज वकिलाने लिनेट नावाच्या पक्ष्याची पिल्लं चंडोलाच्या सहवासात वाढवली, तर ती चंडोलाचं गाणं म्हणू लागली. पण ‘कानाला तसं वाटलं’ यापलीकडे पुरावा देण्याची सोय तेव्हा नव्हती.

ती सोय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झालेल्या एका यंत्राने केली. हे यंत्र आवाजाचं चित्र काढतं: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी 1950च्या दशकात या यंत्रावर चॅफिंच पक्ष्याची गाणी काढली. एकट्याने वाढवलेल्या पिल्लांचं गाणं मोठेपणी ओबडधोबड निघालं. लांबी साधारण बरोबर, पण आतली नक्षी गायब.

थॉर्प यांचे विद्यार्थी पीटर मार्लर पुढे कॅलिफोर्नियात गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवती पांढऱ्या टोपीची एक चिमणी असते. दर काही मैलांवर तिची बोली बदलते. मार्लर यांनी तिची पिल्लं एकटी वाढवून त्यांना वेगवेगळ्या वयात गाणी ऐकवली. वयाच्या साधारण 10व्या ते 50व्या दिवसापर्यंत ऐकलेलं गाणं पिल्लू उचलतं, त्यानंतर ऐकवलेलं बहुतेक वाया जातं, असं त्यांना दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या जातीचं आणि परक्या जातीचं अशी दोन गाणी ऐकवली, तर पिल्लू आपल्या जातीचंच निवडतं. याचा अर्थ मेंदू अगदी कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. ‘काय ऐकायचं’ याचा ढोबळ कल जन्मतः असतो, तपशील मात्र कानांनी भरायचा असतो.

आता इथे एक पेच आहे. पिल्लू ऐकतं तेव्हा गात नाही, आणि गाऊ लागतं तेव्हा शिकवणारा समोर असतोच असं नाही. मग मधल्या काळात गाणं राहतं कुठे? मासाकाझू कोनिशी यांनी 1965मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने याचं उत्तर दिलं. त्यांनी अशी पिल्लं घेतली, ज्यांचं गाणं ऐकून झालं होतं, पण गायला सुरुवात व्हायची होती. त्या टप्प्यावर त्यांची श्रवणशक्ती काढून घेतली. प्रयोग क्रूर आहे खरा. ती पिल्लं मोठेपणी गायली, पण गाणं पार विस्कटलेलं. एकट्याने वाढलेल्या पिल्लापेक्षाही वाईट.

यातून शिकण्याचे दोन टप्पे स्पष्ट झाले. पहिल्यात पिल्लू गुरूचं गाणं मेंदूत साठवतं. दुसऱ्यात ते स्वतः आवाज काढतं, तो ऐकतं, साठवलेल्या गाण्याशी ताडून पाहतं आणि सुधारतं. दुसऱ्या टप्प्यात गुरू नसला तरी चालतो, पण स्वतःचे कान हवेतच.

झेब्रा फिंचमध्ये हे दोन टप्पे एकमेकांवर चढलेले असतात. साधारण 25व्या ते 65व्या दिवसापर्यंत ऐकून घेण्याचा काळ. 35व्या दिवसाच्या आसपास बडबड सुरू होते. पन्नाशी ओलांडली की बडबडीतून ओळखीचे स्वरखंड डोकं वर काढतात, आणि 90व्या दिवसाच्या सुमारास गाणं पक्कं होतं. ते मग कायमचं.

3. गाण्याची यंत्रणा

1976मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम आणि सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत गाण्याची केंद्रं दाखवून दिली. पक्ष्याच्या मेंदूत गाण्यासाठी वेगळ्या, सूक्ष्मदर्शकाखाली नजरेत भरणाऱ्या पेशींच्या गाठी असतात. त्याच वर्षी नॉटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड यांनी दाखवलं, की नरात या गाठी मादीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. नर-मादीच्या मेंदूत इतका ढळढळीत फरक पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्यात तोवर दिसला नव्हता.

या गाठींची नावं म्हणजे आद्याक्षरांचा बाजार आहे. आपण त्यातली मोजकीच घेऊ. पहिली एचव्हीसी, दुसरी आरए. एचव्हीसीतून संदेश आरएकडे जातो, आरएतून मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींकडे, आणि तिथून कंठाच्या व श्वासाच्या स्नायूंकडे. पक्ष्याचा कंठ आपल्यासारखा घशाच्या वरच्या टोकाला नसतो. श्वासनलिका दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते, त्या फाट्यावर तो असतो. या सगळ्या साखळीला आपण ‘गाण्याची वाट’ म्हणू.

या वाटेवर कामाची वाटणी कशी असते? 2002मध्ये रिचर्ड हानलोझर, अलेक्सी कोझेवनिकोव्ह आणि मिशेल फी यांनी गात असलेल्या झेब्रा फिंचच्या एचव्हीसीतल्या एकेका पेशीची विद्युत हालचाल टिपली. एचव्हीसीतून आरएकडे जाणारी प्रत्येक पेशी संपूर्ण गाण्यात फक्त एकदाच जागी होत होती, तीही सुमारे 6 मिलिसेकंदांसाठी. पुन्हा गाणं सुरू झालं की ती नेमक्या त्याच क्षणी जागी व्हायची. बाकी वेळ गप्प.

इमारतीचा स्लॅब पडताना पाहिला असेल, तर हे पटकन कळेल. खालून वरपर्यंत माणसांची रांग लागलेली असते. सिमेंटचं घमेलं हातोहात वर जातं. घमेलं आलं की घ्यायचं, पुढच्याच्या हातात द्यायचं, की त्या फेरीतलं आपलं काम संपलं. एचव्हीसीतल्या पेशींची रांग अशी आहे. एकेका जागी एकटी पेशी नसून पेशींची टोळीच असते, इतकाच फरक. घमेलं ज्या टोळीपाशी आलं, ती टोळी आरएला इशारा देते: ‘आता हे स्नायू ओढा.’ थोडा हिशोब करू. गाणं 600 मिलिसेकंदांचं धरलं आणि एकेक टोळी 6 मिलिसेकंद जागी राहिली, तर घमेल्याला सुमारे 100 हात लागतील. म्हणजे एचव्हीसी स्वर ठरवत नाही, वेळ मोजते. कुठला स्वर ते आरएने आणि स्नायूंनी पाहायचं.

हे खरं असेल, तर रांगेतल्या प्रत्येकाचा हात थोडा जड केल्यावर गाणं संथ व्हायला हवं, पण बेसूर होता कामा नये. 2008मध्ये मायकेल लाँग आणि फी यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या एचव्हीसी काही अंशांनी थंड केल्या. गाणं संथ झालं, जास्तीत जास्त 45 टक्क्यांपर्यंत, आणि सगळे स्वरखंड, मधल्या जागा, बारीक कंपनं, सगळं सारख्या प्रमाणात ताणलं गेलं. स्वरांची उंची जवळपास तशीच राहिली. आरए थंड केल्यावर गाण्याच्या वेगावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मेंदूवरच्या प्रयोगांत इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं.

4. बडबड येते कुठून?

पण ही झाली तयार गवयाची यंत्रणा. पिल्लाकडे अशी रांग अजून लागलेलीच नसते. मग पिल्लू गातं कशाच्या जोरावर?

चाळीस दिवसांचं नर पिल्लू पाहा. चोच अजून काळसर, गालावरचा ठिपका नुकता उमटू लागलेला. पोटभर दाणे टिपून ते दांडीवर बसतं, अंगाची पिसं थोडी फुलवतं आणि हळू आवाजात स्वतःशीच काहीबाही पुटपुटत राहतं. चिर्र, टिक्, किर्र, एखादी शीळ अर्धीच सोडलेली. एक आवाज लांब, पुढचा आखूड, कशाचा कशाला मेळ नाही. डार्विनने 1871मध्ये या पुटपुटण्याची तुलना तान्ह्या मुलाच्या बोबड्या बडबडीशी केली होती. बरीच वर्षं सगळे असंच धरून चालले होते, की हे गाण्याच्या वाटेचंच कच्चं काम. यंत्रणा अजून जुळली नाही म्हणून आवाज वेडावाकडा.

तसं नव्हतं. बडबडीची यंत्रणा वेगळीच निघाली.

गाण्याच्या वाटेला समांतर एक लांबचा वळसा आहे. एचव्हीसीतून संदेश ‘एरिया एक्स’ नावाच्या गाठीत जातो, तिथून मेंदूच्या मधल्या एका ठाण्यावर, तिथून ‘एलमॅन’ नावाच्या गाठीत, आणि एलमॅनमधून पुन्हा आरएमध्ये. निघाला तिथूनच, पोचला तिथेच, पण गावाला वळसा घालून. एरिया एक्स ज्या भागात आहे, त्याला माणसाच्या मेंदूत जोडीदार आहे. कंपवातामध्ये बिघडतो तो मेंदूच्या तळाशी असलेला भाग.

या वळशाने शास्त्रज्ञांना आधी बुचकळ्यात टाकलं. 1984मध्ये सारा बॉट्जर, एलिझाबेथ मीसनर आणि आर्थर अर्नोल्ड यांनी झेब्रा फिंचच्या एलमॅनला इजा करून पाहिली. प्रौढ नराच्या गाण्यावर काही परिणाम नाही! तो पहिल्यासारखाच गात राहिला. पिल्लाचं मात्र शिकणंच खुंटलं. त्याचं गाणं दोन-तीन आवाजांवर अडकलं आणि तसंच पक्कं झालं. तयार गाण्याला न लागणारी, पण शिकण्याला अत्यावश्यक अशी ही गाठ करते तरी काय?

उत्तर मिळायला वीस वर्षं लागली. 2005मध्ये बेन्स अल्वेत्स्की, ॲरन अँडलमन आणि मिशेल फी यांनी पिल्लांच्या एलमॅनला काही तासांसाठी बधिर केलं. त्यासाठी वापरलेल्या द्रव्यांपैकी एक म्हणजे फुगा माशात सापडणारं विष. पिल्लू तोवर एकच स्वरखंड दर वेळी निराळ्या ढंगाने म्हणत होतं: कधी चढा, कधी उतरता, कधी मध्येच तोडून. एलमॅन बधिर झाल्यावर तासाभरात तो विस्कळीतपणा ओसरला. पिल्लू एकाएकी ठरावीक साच्यात गाऊ लागलं, एखादा अनुभवी नर गातो तसं. औषधाचा असर उतरला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

थांबून विचार करावा अशी ही जागा आहे. पिल्लाच्या गाण्यातला गोंधळ कच्चेपणामुळे येत नव्हता. मेंदूतली एक गाठ तो मुद्दाम घालत होती. 2008मध्ये दिमित्री अरोनोव्ह, अँडलमन आणि फी यांनी याची दुसरी बाजू दाखवली. पिल्लाची एचव्हीसी काढून टाकली, तरी बडबड चालूच राहिली. एलमॅन बंद केली, तर बडबड थांबली. आणि पक्कं गाणं येणाऱ्या प्रौढ नराची एचव्हीसी काढली, तर तो चाळीस दिवसांच्या पिल्लासारखा बडबडू लागला. गाण्याखाली बडबड शाबूत होती, फक्त झाकली गेली होती.

चुका करण्यासाठी अशी स्वतंत्र सोय का? कारण पिल्लाला बापाचं गाणं कानाने ठाऊक आहे, पण कंठाचा कुठला स्नायू किती ओढला की कुठला आवाज निघतो, हे कुणीही सांगितलेलं नाही. बापालाही ते सांगता आलं नसतं. ओढून बघणं हाच मार्ग. दर वेळी सारखंच ओढलं, तर दर वेळी तोच आवाज निघेल आणि त्याहून बरा आवाज सापडायचाच नाही. एलमॅनविना वाढलेली पिल्लं दोन-तीन आवाजांवर अडकतात ती याचमुळे. आपण त्यांना मठ्ठ म्हणू, पण खरं तर ती वेळेआधी नेटकी झालेली असतात.

प्रौढ नरातही ही सोय पूर्ण बंद होत नाही. तो दोन प्रकारे गातो: मादीकडे तोंड करून आणि एकटा असताना. मादीसमोर गाणं अगदी काटेकोर असतं. एकटा असताना तेच गाणं किंचित सैल, प्रत्येक फेरीत स्वराची उंची थोडी इकडेतिकडे. एलमॅनमधल्या पेशी मादीसमोर शिस्तीत वागतात आणि एकांतात मोकळ्या सुटतात, असं नोंदींवरून दिसतं. माणसाच्या कानाला हा फरक सहसा कळत नाही. फिंचच्या मादीला कळतो.

5. चूक झाली, हे कळतं कसं?

नुसत्या चुका करून कुणी शिकत नाही. बरी चूक कुठली आणि वाईट कुठली, हे कळायला हवं. पिल्लाला कुणी खाऊ देत नाही, कुणी टोचतही नाही. मग निवाडा कोण करतो?

आधी एक साधा प्रयोग पाहू. त्यातला पक्षी बंगाली फिंच. नावात बंगाल असला, तरी ही जात जपानमध्ये पिंजऱ्यात तयार झाली. तिचा रानटी पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मुनिया, आपल्या सह्याद्रीतही दिसणारी. 2007मध्ये एव्हरेन ट्यूमर आणि मायकेल ब्रेनर्ड यांनी प्रौढ बंगाली फिंचच्या एका स्वरावर संगणक बसवला. समजा, तो स्वर साधारण 2000 हर्ट्झचा आहे, कधी 1985, कधी 2015. संगणकाचा नियम एवढाच, की स्वर 2000च्या खाली गेला रे गेला की त्याच क्षणी खरखराट वाजवायचा. पक्ष्याने त्या एका स्वराची सरासरी वर सरकवली. शेजारचे स्वर जागच्या जागी. खरखराट बंद केल्यावर काही दिवसांत स्वर मूळ जागी परत आला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, 15-15 हर्ट्झची ती बारीक लटपट निरुपयोगी नव्हती, तिच्यातूनच निवड झाली. दोन, मूळ गाण्याची आठवण मेंदूत शाबूत होती, नाहीतर पक्षी कुठे परतला असता?

निवाड्याचा संदेश कोण पोचवतं, ते 2016मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेसी गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेत विक्रम गदगकर आणि सहकाऱ्यांनी टिपलं. डोपामिन हे द्रव्य आपण ‘आनंदाचं रसायन’ म्हणून ऐकलेलं असतं. ते नाव दिशाभूल करणारं आहे. डोपामिन सोडणाऱ्या पेशी आनंदापेक्षा अपेक्षेचा हिशोब ठेवतात: अपेक्षेपेक्षा बरं घडलं की जोरात, वाईट घडलं की मंद. त्यांतल्या काही एरिया एक्समध्ये जाऊन पोचतात. गदगकर यांनी गाणाऱ्या नराच्या एका स्वरखंडावर अधूनमधून बेसूर आवाज मिसळला. आवाज बिघडलेला ऐकू आला की या पेशी क्षणभर मंदावल्या. बिघडण्याची भीती असलेल्या जागी आवाज नीट आला, तर त्या उसळल्या. पक्ष्याला ना पाणी दिलं, ना दाणा. स्वतःचं गाणं बरोबर आलं, एवढंच पुरेसं होतं.

आता वळसा पूर्ण होतो. एलमॅन थोडा फरक घालते, कान निकाल ऐकतो, डोपामिन एरिया एक्सला कौल कळवतं, आणि पुढच्या वेळी वळसा आरएला बऱ्या बाजूला ढकलतो. सुधारणा आधी वळशात होते आणि मग मुख्य वाटेत उतरते. अँडलमन आणि फी यांनी 2009मध्ये हे दाखवलं. खरखराटाच्या भीतीने दिवसभरात स्वर वर नेलेल्या पक्ष्याची एलमॅन संध्याकाळी बधिर केली, तर आजची कमाई नाहीशी होते, कालपरवाची टिकते. एका दिवसाच्या अंतराने शिकलेलं आरएमध्ये जमा होतं.

झोपेचं प्रकरण तर आणखी चमत्कारिक आहे. सकाळी उठल्यावर पिल्लाचं गाणं आदल्या संध्याकाळपेक्षा बिघडलेलं असतं, आणि थोडा वेळ गायल्यावर ते पूर्वपदावर येतं. हे 2005मध्ये सेबास्तियाँ देरेन्योकूर आणि ओफेर चेर्निखोव्स्की यांच्या गटाने मोजलं. ज्या पिल्लांचं गाणं सकाळी जास्त घसरायचं, त्यांनीच शेवटी गुरूची जास्त हुबेहूब नक्कल केली.

6. गुरू समोर का हवा?

ज्याच्याशी ताडून पाहायचं, ते गुरूचं गाणं मेंदूत उतरतं कसं? 2019मध्ये टेक्ससमध्ये टॉड रॉबर्ट्स यांच्या गटाने एक धाडस केलं. गाणं कधीच न ऐकलेल्या पिल्लांच्या मेंदूत, एचव्हीसीकडे येणाऱ्या एका वाटेवर, त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने कृत्रिम स्पंदनं दिली. काही पिल्लांना आखूड, काहींना लांब. मोठेपणी पहिल्या गटाचे स्वरखंड आखूड निघाले, दुसऱ्याचे लांब. गुरूशिवाय गाण्याची आठवण रोवली गेली होती, निदान स्वरखंडांच्या लांबीपुरती. स्वरांचा रंग मात्र अशा रीतीने रोवता आला नाही.

नेहमीच्या जगात हे काम जिवंत गुरू करतो. पिल्लू नुसत्या ध्वनिमुद्रणापेक्षा समोर बसलेल्या नराकडून कितीतरी बरं शिकतं. 2018मध्ये रिचर्ड मूनी यांच्या प्रयोगशाळेने याचं एक कारण दाखवलं. गुरू प्रत्यक्ष समोर गात असताना एका डोपामिन-वाटेतून एचव्हीसीला ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा जातो. स्पीकरमधून तेच गाणं लावलं, तर तो जात नाही. ती वाट बंद केली, तर पिल्लू बापासमोर बसूनही कोरडंच राहतं.

आणि न गाणारी आई? 2019मध्ये समंथा करूसो-पेक आणि मायकेल गोल्डस्टीन यांनी दाखवलं, की पिल्लू बडबडत असताना मादी अंगाची पिसं क्षणभर फुलवते. हे इतकं पटकन होतं, की साध्या वेगाच्या चित्रफितीत नजरेतून सुटतं. योग्य वेळी ही दाद मिळालेल्या पिल्लांनी बापाचं गाणं जास्त चांगलं उचललं. गाणं बापाचं, पण कुठला प्रयत्न जमला हे सांगण्यात आईचाही वाटा.

7. दार बंद झाल्यावर

90व्या दिवसाच्या सुमारास झेब्रा फिंचचं गाणं पक्कं होतं. पेशींना गप्प बसवणारी यंत्रणा एचव्हीसीत आवळत जाते, आणि गाण्याचा जो भाग जमला आहे, त्याच भागावर ती आधी आवळते. मायकेल लाँग यांच्या गटाने 2016मध्ये हे दाखवलं. पाठ झालेल्या तुकड्याला कुलूप, न जमलेल्या तुकड्याला मोकळीक. कॅनरीचं दार मात्र दर वर्षी किलकिलं होतं. वीण संपली की त्याच्या गाण्याच्या गाठी आक्रसतात, गाणं ढिलं पडतं, आणि पुढच्या वसंतापर्यंत नव्या तुकड्यांसह पुन्हा बांधलं जातं. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्माला येतात, हे 1980च्या दशकात नॉटेबोम यांनी याच कॅनरीत दाखवलं. तोवर तसं म्हणणाऱ्याला वेड्यात काढत.

ज्याला गुरू मिळालाच नाही, त्याचं गाणं ओबडधोबड राहतं. पण तो ओबडधोबड नर पुढच्या पिल्लांचा गुरू झाला तर? ओल्गा फेहेर, पार्थ मित्रा, चेर्निखोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये हे करून पाहिलं. पिल्लांनी गुरूची नक्कल केली, पण करताना थोडी दुरुस्तीही केली. त्यांच्याकडून शिकलेल्यांनी आणखी थोडी. तीन-चार पिढ्यांत गाणं रानातल्या झेब्रा फिंचच्या वळणावर आलं. जन्मतः असलेला तो ढोबळ कल एका पिढीत पुरता दिसत नाही, पण पिढ्यांच्या चाळणीतून खाली उतरतो.

मात्र त्यासाठी पिढ्या हव्यात आणि एकत्र राहणारे पक्षी हवेत. ऑस्ट्रेलियातच रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा पक्षी आहे. जंगलतोडीमुळे रानात त्याचे काही शेच उरले आहेत, तेही दूरदूर विखुरलेले. या जातीत बाप घरट्यापाशी फारसा गात नाही. पिल्लं पुढे इतर नरांकडून शिकतात, आणि हल्ली शेजारी नरच नसतो. 2021मध्ये रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की काही नर चक्क दुसऱ्या जातींची गाणी गात आहेत, आणि वेगळं गाणाऱ्या नरांना जोडीदार मिळण्याची शक्यता कमी आहे. पिंजऱ्यात वाढवून रानात सोडल्या जाणाऱ्या पिल्लांसाठी आता गाण्याची शिकवणी ठेवलेली असते. आधी रानातली गाणी ध्वनिमुद्रित करून ऐकवली, त्याने भागलं नाही. मग रानात जन्मलेले प्रौढ नर आणून पिल्लांच्या शेजारी ठेवले, आणि एका गुरूमागे पिल्लं कमी केली, तेव्हा कुठे रानातलं गाणं त्यांच्या तोंडी बसू लागलं.